हेडबाई आणि शिपाई

गुडगाव
३१ मार्च १९९६

ती. आईंना सा. न.

हा कागद फ्रिजवर लावून जाते आहे. तुम्ही दुपारी पहाडगंजहून याल तेव्हा मी निघालेली असेन. किल्ली चौकीदाराकडे ठेवली आहे.

गॅस नवीन आहे. नळाला पाणी सकाळी सहा ते सात. वीज जाते, येते, वेळ सांगता येत नाही. फोनसाठी अर्ज करून दोन वर्षं झाली. तो परीक्षितच्या नावाने आहे, बदलून घ्यायचा राहिला. अगदी गरज लागली तर खाली सोसायटीच्या ऑफिसात फोन आहे.

आता मासे. मोठी नारंगी, पंख्यासारख्या शेपटीची, ती हेडबाई. पांढरा, डोक्यावर लाल ठिपका, तो शिपाई. नावं परीक्षितने ठेवलेली. काचेवर नखाने टकटक केली की आधी शिपाई वर येतो, मग हेडबाई.

दाणे दिवसातून एकदा, चिमूटभर. दोन मिनिटांत संपतील एवढेच. आणखी मागतील, देऊ नका. आठवड्यातून एकदा पाव टाकी पाणी काढून तेवढं नवीन घालायचं. नवीन पाणी आधी बादलीत चोवीस तास ठेवायचं, मगच घालायचं. हवेचा पंप बंद करायचा नाही.

चार महिन्यांचा प्रश्न आहे. जुलैअखेर येते. तुम्ही हो म्हणालात म्हणून मला जाता आलं. ज्याच्याकडे मासे ठेवावेत असं दुसरं माणूस मला दिल्लीत नाही.

रुचिरा


गुडगाव
९ एप्रिल १९९६

चि. रुचिरास अ. आ.

पाकिटावर तुझं नाव घालताना सवयीने चि. सौ. लिहिलं गेलं. खोडलं तर वाईट दिसायला लागलं. पाकीट बदललं.

मी व्यवस्थित आहे. आपल्या जिन्यात सोळा घरं, त्यांतल्या पाचांत माणसं. बाकीच्यांच्या खिडक्यांना अजून कागद चिकटवलेले आहेत. समोरच्या प्लॉटवर परवापर्यंत मोहरीची खुंटं होती, आता खांब पुरून तारा ओढताहेत. पहाडगंजच्या गल्लीत एवढी वर्षं काढल्यावर इथे माझाच आवाज मला मोठा वाटतो.

परीक्षितला जाऊन चौदा महिने झाले. त्याची खुर्ची तू टाकीसमोरच ठेवली आहेस. तिथे बसते आणि मासे बघते. दुसरं काम नाही.

एक वही घातली आहे. तारीख, हेडबाई, शिपाई, शेरा. एकतीस वर्षं हजेरी घेतली, हात राहत नाही. आजचा शेरा: दोघे हजर, शिपाई खोडकर.

हेडबाई म्हणजे आमच्या अहिल्याबाई, हे मी बघताक्षणी ओळखलं. परीक्षित शाळेत होता तेव्हा त्याच हेडबाई होत्या. तोंड सतत चालू आणि काय म्हणताहेत ते कुणालाच कळायचं नाही. कार्ट्याने बरोबर हेरलं होतं.

इथलं पाणी मला पटलं नाही. बोअरचं, खारट. चहाला कळतं. तुझी बादली प्लास्टिकची, तिला साबणाचा वास येतो. म्हणून परवा पहाडगंजला जाऊन माझा तांब्याचा हंडा घेऊन आले. लग्नातला, पुण्याच्या तांबट आळीतला. बसमध्ये मांडीवर घेऊन बसले. कंडक्टर म्हणाला, "माताजी, इसका भी टिकट लगेगा." मी म्हटलं, "लगा दो. पहले इसके लिए एक सीट खाली करवाओ." तसाच पुढे गेला.

परीक्षितला सातव्या वर्षी कावीळ झाली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. सहा महिने मी त्याला याच हंड्यातलं पाणी दिलं. उठला. तुझ्या माशांनाही तेच देते आहे. हंडा चिंचेने लख्ख घासायचा, भरायचा, चोवीस तास झाकून ठेवायचा.

त्याच्या हातचं जिवंत असं एवढंच उरलं आहे. जुलैत दोघांना तुझ्या हवाली करीन. मग मी मोकळी.

आई


एडिसन, न्यू जर्सी
२१ एप्रिल १९९६

ती. आईंना सा. न.

तुमचं पत्र बारा दिवसांनी मिळालं. जेवणाच्या सुट्टीत वाचलं. बसमधला किस्सा वाचून मी एकटीच हसले, शेजारचा माणूस बघायला लागला.

हंडा आणलात ते बरं केलंत. माझ्या लक्षात आलं नसतं. प्लास्टिकपेक्षा केव्हाही चांगलं.

मी आणि कृतिका नावाची मुंबईची एक मुलगी, अशा दोघी एका खोलीत आहोत. ऑफिसला कंपनीची गाडी नेते, कंपनीची गाडी आणते. रस्त्यावर पायी माणूस दिसत नाही. मी आल्यापासून एकदाही हिंदी बोललेले नाही, हे काल लक्षात आलं.

काम बरं चाललं आहे. लांबेल असं म्हणतात. म्हणतातच.

हजेरीचा कागद पाठवत जा.

रुचिरा


गुडगाव
३ मे १९९६

चि. रुचिरास अ. आ.

तुला काळजी लागेल म्हणून लिहू नये असं वाटत होतं. पण वहीत लिहिलं आणि तुला लिहिलं नाही, तर ती वही खोटी ठरेल.

शिपाई बरा नाही. पाच दिवस झाले, टाकीच्या मागच्या कोपऱ्यात खाली बसून असतो. टकटक केली तर आता हेडबाई आधी येते. तो अर्ध्यापर्यंत येतो आणि परत जातो. पर अंगाला मिटून घेतो. थंडीत गणवेशाचा स्वेटर नसलेली मुलं हात बगलेत घालून बसायची, तसा. मधूनच उसळी मारून दगडाला अंग घासतो. दाणा तोंडात घेतो आणि थुंकतो.

सदर बाजारात मासे विकणारा एक जण आहे. त्याला जाऊन विचारलं. तो पिशव्या बांधत होता. म्हणाला, "पानी पुराना होगा माताजी. बदलते रहो, अपने आप ठीक हो जाएगी." मी म्हटलं, "पानी तो मैं बहुत अच्छा देती हूँ." म्हणाला, "फिर ऊपरवाले की मर्ज़ी." आणि मला एक दाण्यांचा डबा विकला.

म्हणून आता आठवड्यातून दोनदा बदलते. हंड्याच्या आतून हिरवट कडा धरायला लागली आहे. ते इथल्या पाण्याचं काम. रोज चिंच लावते, निघते.

परवा दुपारी चार तास वीज नव्हती. पंप बंद. मी पेल्याने टाकीतलं पाणी उचलून वरून सोडत बसले, म्हणजे हवा मिसळेल. चार तास. खालच्या मिसेस खुराना दार उघडं बघून आत आल्या. म्हणाल्या, "आंटीजी, आप थक जाओगी." मी पेले मोजत होते, मध्ये बोललं तर चुकतं.

परीक्षित अशा वेळी काय करायचा?

आई


एडिसन
१४ मे १९९६

ती. आईंना सा. न.

परीक्षित काय करायचा ते मला माहीत नाही. तो टाकीपाशी असायचा तेव्हा मी स्वयंपाकघरात असायचे नाहीतर ऑफिसात. त्याचं एक पुस्तक होतं, तेही कुठे गेलं कळत नाही. कदाचित अपघाताच्या दिवशी गाडीत असेल.

मला आठवतं तेवढं लिहिते. दोन दिवस दाणे देऊ नका. टाकीत जाडं मीठ चहाचे दोन चमचे, विरघळवून. पाणी रोज बदला, रोज पाव टाकी. पाणी हेच औषध, असं तो म्हणायचा, हे मात्र मला नक्की आठवतं.

आणि एवढं बघून कळवा. कल्ले भरभर हलतात का. कल्ल्यांच्या आत लाल आहे की फिकट. अंगावर मिठाच्या खड्यासारखे पांढरे ठिपके आहेत का. खवले फुलून उभे राहिले आहेत का. पोट फुगलंय का. शेपटीच्या कडा झिजल्यात का. पाणी पूर्ण चोवीस तास ठेवता ना?

मी सोमवारी सोसायटीच्या ऑफिसात फोन करीन. तुमच्या संध्याकाळी सात वाजता. खाली येऊन थांबाल का? हे पत्र त्याआधी पोहोचणार नाही, हे लिहिताना लक्षात आलं. चौकीदार बोलावून आणेल.

रुचिरा


गुडगाव
२५ मे १९९६

चि. रुचिरास अ. आ.

तुझा फोन आला तेव्हा चौकीदार धावत आला आणि मी चार मजले धावत उतरले. तू विचारलंस, मासे कसे आहेत. मी म्हटलं, दोघे बरे आहेत. माझाच आवाज मला परत ऐकू येत होता: बरे आहेत, बरे आहेत. मग लाइन गेली.

मी खोटं बोलले. शिपाई त्याच्या दोन दिवस आधी गेला होता. शनिवारी, अठरा तारखेला सकाळी. आडवा तरंगत होता आणि हेडबाई त्याच्या खालून फेऱ्या घालत होती. चमचा घालून काढला. हाताला बुळबुळीत लागला, साबण नीट न धुतल्यासारखा.

मिसेस खुराना म्हणाल्या, "फेंक दो आंटीजी, बीस रुपये में जोड़ी मिलती है." बाई वाईट नाही. संध्याकाळी राजमा घेऊन आली.

समोरच्या प्लॉटवर तारेच्या आत खड्डा करून पुरला. वर वीट ठेवली. मंगळवारी तिथे बुलडोझर आला. आता तिथे दोन मजले खोल खड्डा आहे. वीट शोधायला गेले नाही.

तुझं पत्र आज मिळालं. तुझ्या प्रश्नांची उत्तरं आता हेडबाईविषयी देते. शिपायाचा प्रश्न उरलेला नाही.

कल्ले भरभर हलतात. होय. आत फिकट. ठिपके नाहीत. खवले बसलेले आहेत. पोट ठीक. शेपटीच्या कडा ठीक. पण अंगावर पातळ पांढरी साय आल्यासारखी दिसते, उजेडात तिरकं बघितलं की. आणि परवापासून तीही दगडाला घासते.

पाणी चोवीस तास ठेवते. हंडा भरल्याची वेळ वहीत लिहिते. आजपासून रोज बदलते.

वहीत शिपायाच्या रकान्यात गैरहजर लिहिणं जमलं नाही. रकाना कोरा ठेवला आहे.

तुला दोन देईन म्हटलं होतं. एक तरी देईन.

आई


एडिसन
५ जून १९९६

ती. आईंना सा. न.

फोनवर तुम्ही दोनदा बरे आहेत म्हणालात. तुम्ही कुठलीच गोष्ट दोनदा सांगत नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं. ते प्रतिध्वनीमुळे होतं हे आता कळलं, पण तरीही.

तुमची काही चूक नाही. पाणी रोज बदलत राहा. मी या नाहीतर पुढच्या शनिवार-रविवारी इथल्या माशांच्या दुकानात जाऊन सगळं विचारते. गाडीशिवाय जाता येत नाही. कृतिकाच्या ओळखीचा एक जण नेणार आहे. सोसायटीच्या ऑफिसचा फोन तीन दिवस लागत नाही. ऑपरेटर म्हणते घंटा वाजते आहे, कुणी उचलत नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली होती. तुम्ही पहिल्या पत्रात लिहिलंत तेव्हाच सांगायला हवी होती. हेडबाई म्हणजे अहिल्याबाई नव्हेत. मासे आणले त्या दिवशी परीक्षित म्हणाला, हेडबाई व्हायची आईची पाळी यायच्या आधीच तिचं निवृत्तीचं वय झालं, एकतीस वर्षं शिकवून ती बाईची बाईच राहिली. शाळेला जमलं नाही ते प्रमोशन मी देतो. मग काचेवर टकटक करून म्हणाला, नमस्ते हेडबाई. तुम्हाला सांगू नको म्हणाला होता. तुम्ही चिडाल म्हणून.

म्हणजे ती तुम्ही आहात.

जपा. दोघींना.

रुचिरा


गुडगाव
९ जून १९९६

चि. रुचिरास अ. आ.

घाईत लिहिते. खुराना दिल्लीला निघाले आहेत, मोठ्या पोस्टात टाकतो म्हणाले.

हेडबाई कालपासून पाण्याच्या वरच्या थरात तोंड काढून असते. अहिल्याबाईंसारखंच, पण आता काहीतरी सांगते आहे असं वाटतं. मी कान लावला, काय सांगू तुला. डोळा मळकट झाला आहे. टकटक केली की वळते मात्र. अजून वळते.

आता दिवसातून दोनदा पाणी बदलते. हंडा एकटा पुरेना, म्हणून पहाडगंजहून कळशीही आणली. तीही तांब्याचीच, जोडीची. दोन्ही घासून आळीपाळीने भरते. मिठाचे दोन चमचे घातले. दाणे बंद आहेत. वीज गेली की पेला घेऊन बसते. खांदा भरून आला आहे, त्याचं काही नाही.

रस्ता खणताना टेलिफोनची तार तुटली म्हणे. कधी जोडतील ते कुणी सांगत नाही. फोनसाठी जिवाला लावून घेऊ नकोस.

यापेक्षा जास्त काय करायचं ते मला कळत नाही. कुणाला कळत असेल तर कळव.

आई


गुडगाव
१४ जून १९९६

चि. रुचिरास अ. आ.

हेडबाई काल दुपारी गेली. तीन वाजून दहा मिनिटं. वीज होती, पंप चालू होता. मी समोर बसले होते.

सकाळी पाणी बदललं तेव्हा ती थोडी सैरभैर झाली, काचेवर दोनदा आपटली. मग शांत झाली. मला वाटलं बरं वाटतं आहे. एक वाजता पुन्हा थोडं ताजं पाणी घातलं. नंतर ती कलायला लागली. मी हात घालून तिला सरळ धरलं. धरलं की कल्ले हलायचे. सोडलं की कलायची. असं किती वेळ धरलं ते सांगता येत नाही. पाणी कोमट होतं. मग धरूनही कल्ले हलेनात.

तुझ्याजवळ क्षमा मागायला तोंड नाही. तू एक काम सांगितलं होतंस. कागदावर दहा ओळी लिहून दिल्या होत्यास. इतकी वर्षं मी दुसऱ्यांची मुलं सांभाळली, माझा एक सांभाळता आला नाही, त्याचे दोन सांभाळता आले नाहीत.

एकाच गोष्टीचं समाधान आहे. पाण्यात कमी पडले नाही. शेवटपर्यंत हंड्यातलंच दिलं. परीक्षितला दिलं तेच.

तिला कुंडीत पुरलं आहे. तुझ्या गॅलरीतल्या मोगऱ्याच्या. तिथे बुलडोझर येणार नाही.

आई


एडिसन
१६ जून १९९६

आई,

हे पत्र मिळताच हंडा बाजूला ठेवा. त्यातलं पाणी टाकीत घालू नका. एक थेंबही नको.

आज माशांच्या दुकानात गेले. म्हातारा दुकानदार आहे. मी तुमची पत्रं मेजावर ठेवली आणि एकेक लक्षण इंग्रजीत सांगत गेले. पर मिटणं, घासणं, साय, फिकट कल्ले. त्याने दाण्यांचं विचारलं, पंपाचं विचारलं, मग म्हणाला, पाणी कशात ठेवतात? मी सांगितलं. त्याने चष्मा काढला. फळीवरून एक बाटली काढून दाखवली. माशांच्या रोगावरचं औषध होतं, त्यात तांबंच असतं. टाकीला मोजून थेंब. खाली लाल अक्षरांत लिहिलं आहे, जास्त झाल्यास मासे मरतात.

तांबं माशांना विष आहे. माणसांना चालतं, त्यांना नाही. चोवीस तास ठेवलं की ते पाण्यात उतरतं. आंबट लावून घासलं की आणखी उतरतं. आपण जितकं पाणी बदललं तितकं ते वाढत गेलं.

टाकी अर्धी रिकामी करा आणि नळाचं पाणी प्लास्टिकच्या बादलीत ठेवून ते घाला. वास आला तरी चालेल. हेडबाई अजून असेल तर ती वाचेल. तो म्हणाला, वाचतात.

तुम्ही मला हंड्याचं पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. मी बरं केलंत म्हटलं. मी.

फोन लागत नाही. तार करावी म्हटलं तर इथे तार कुठून करतात हे एकालाही माहीत नाही. उद्या सकाळी हे जलद डाकेने टाकते. पाच दिवस म्हणतात.

रुचिरा


एडिसन
२४ जून १९९६

ती. आईंना सा. न.

तुमचं चौदा तारखेचं पत्र आज मिळालं.

तुम्ही तिला हात लावून धरलं होतंत हे वाचलं. परीक्षितपाशी त्या रस्त्यावर कुणी नव्हतं. एवढंच लिहिते.

मी दुकानात जाऊन आले. दुकानदार म्हणाला, वय झालं होतं. असे मासे कधीकधी लवकर थकतात, आणि एक गेला की दुसरा राहत नाही. पाण्याचा काही संबंध नाही म्हणाला. तुम्ही केलंत त्यापेक्षा जास्त कुणी केलं नसतं.

मी सतरा तारखेला एक पत्र जलद डाकेने टाकलं आहे. पुठ्ठ्याचं मोठं पाकीट असेल, सही घेऊन देतात. ते उघडू नका. त्यात माझ्या कामाचं रडगाणं आहे, वाचण्यासारखं काही नाही. लिहून झाल्यावर लाज वाटली. मिळालं असेल आणि उघडलं नसेल तर तसंच फाडून टाका. आई, एवढं ऐका.

आणि एक. मला इथे दोन वर्षं राहा म्हणताहेत. मे महिन्यातच म्हणाले. तुम्हाला लिहिलं नाही. जुलैत येऊन मासे बघेन आणि मग ठरवीन असं मनात होतं. मासे असते तर मी आले असते. आता काय करू ते कळत नाही. पंधरा जुलैपर्यंत सही करायची आहे.

रुचिरा


गुडगाव
४ जुलै १९९६

चि. रुचिरास अ. आ.

तुझी सगळी पत्रं मिळाली. पाच जूनचं, चोवीस जूनचं. त्यात तू ज्याविषयी लिहिलं आहेस ते पुठ्ठ्याचं पाकीट मात्र आलं नाही. इथल्या टपालाचं तुला माहीत आहे. त्यामुळे उघडायचा किंवा फाडायचा प्रश्न आला नाही. रडगाणी वाचायची मला सवय होती, पण ठीक आहे.

म्हणजे ती अहिल्याबाई नव्हती. मी त्या बाईंवर अडीच महिने उगाच तोंडसुख घेतलं. तुझं पत्र आलं तेव्हा कुंडीला पाणी घालत होते. जिवंत असताना कळलं असतं तर मी तिच्याशी जरा वेगळं बोलले असते. काय बोलले असते ते माहीत नाही.

दुकानदार वय झालं होतं म्हणाला, हे वाचून बरं वाटलं. पुन्हा गेलीस तर त्या म्हाताऱ्याला माझा नमस्कार सांग.

दोन वर्षांचं म्हणशील तर राहा. सही कर. माशांसाठी येणार होतीस, ते आता नाहीत. माझ्यासाठी म्हणून येऊ नकोस. मी पहाडगंजला परत जाणार नाही. इथे कुंडी आहे, आणि मिसेस खुरानांच्या मुलीला हिंदीचा अभ्यास घेते आहे. परवा मला म्हणाली, "आंटीजी, आप बहुत स्ट्रिक्ट हो यार." मी तिला तो शब्द दहा वेळा लिहायला लावला.

हंडा आणि कळशी बाहेर ठेवली होती. सोमवारी भांडीवाली आली, तिला देऊन टाकली. त्याबद्दल तिने एक स्टीलचं पातेलं दिलं. फार लहान आहे. हुज्जत घातली नाही.

टाकी तशीच आहे. पंप चालू ठेवला आहे, त्याच्या आवाजाची सवय झाली. आठवड्यातून एकदा पाव टाकी पाणी काढून नवीन घालते. आत कुणी नाही, तरी घालते. वहीत तारीख टाकते, बाकी रकाने कोरे.

तुझा कागद अजून फ्रिजवर आहे. काल पुन्हा पहिल्यापासून वाचला. त्यात बादली असंच लिहिलं आहेस. मी आता बादलीतच ठेवते. चोवीस तास.

आई